भर दुपारचं अंधारं जंगल

लगीन होऊन बारामतीला आले तवा सासूनं, म्हंजी अम्मींनी, पयल्याच दिवशी मला जे शिकवलं ते सैपाकाचं नव्हतं आन् पदराचंबी नव्हतं. म्हनल्या, "रेश्मा, ह्या घरात वस्तू जागची हालवायची न्हाय. घेतली तर वापरून परत तितंच ठेवायची. खुर्ची सरकवली तर उठताना परत भिताडाला लावायची." मी व्हय म्हनलं. मला वाटलं, शहरातली मानसं असत्यात अशी टापटिपीची. मी कळस गावची. आमच्याकडं खाट आज दारात तर उद्या लिंबाखाली, खुरपं जितं हातातनं सुटंल तितं, आन् शेरडं तर घरात मानसाच्या आधी शिरायची. हितं तसं नव्हतं. तांब्या माठाच्या उजव्या अंगाला, चपला दाराच्या डाव्या अंगाला, आन् मधल्या खोलीत चालायच्या वाटंवर कायबी म्हनून ठेवायचं न्हाय. एकदा शेवया वाळत घातल्यालं सूप दिवस मावळल्यावर माझ्याकडनं मधीच ऱ्हायलं, आन् अब्बा, म्हंजी माझे सासरे, त्येच्यावर पाय देऊन पडले. मला कुनी बोललं न्हाय. अम्मींनी शेवया गोळा केल्या, सूप उचललं आन् नुसतं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुकान म्होरं आन् घर मागं. दुकान म्हंजी फोटो स्टुडिओ, अब्बांनी काढल्याला, मग माझ्या मालकांनी चालवल्याला. मालकाचं नाव सलीम. नाव घ्यायची सवय न्हाय मला, म्हनून म्होरं नुसतं 'हे' म्हनते. दिवसभर पासपोर्टवाल्यांची ये-जा, ह्येंचा आवाज, "हनुवटी वर, डोळं मिटू नका, हां, बसा तसंच." उसाच्या हंगामात रस्त्यानं ट्रॅक्टर मोठ्यानं गानी लावून जायाचे, दोन-दोन ट्रॉल्या मागं, तवा भिताडावरच्या फ्रेमा थरथरायच्या आन् त्यातले नवरा-नवरी हालल्यावानी दिसायचे. दुपारी अम्मींच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवन आन् बाजरीची भाकरी. तो वास पार दुकानात जायचा आन् गिऱ्हाईक म्हनायचं, "सलीमभाई, फोटोत वास येतो का हो?" आमचं चांगलं चाललं व्हतं.

आन् उजेड. तसा उजेड मी कुठं बघितला न्हाय. परत्येक खोलीत दोन-दोन ट्यूब, जिन्यात, मोरीत, संडासात, आन् दिवस मावळायच्या आत सगळ्या लावायच्या. घरात टीव्ही यायच्या आधी इन्व्हर्टर आल्याला. माझी आई पयल्यांदा राहाय आली तवा म्हनली, "तुज्या सासरी रोज लगीन हाय व्हय गं?" मी हसले, अम्मी हसल्या न्हाईत. घरातले पुरुष दुपारची नमाज मशिदीत पढायचे, पन दिवस मावळतानाची मगरिब, रातची इशा आन् पहाटंची फजर घरातच. मोहल्ल्यात लोक म्हनायचे, ह्या घरातले गडी बायकांच्या मुठीत हायेत. मला तर ते गोडच वाटायचं. माझ्या बहिनीचा नवरा मध्यान रातीपतुर चौकात बसायचा आन् माझा दिवस मावळायच्या आत उंबऱ्याच्या आत. हळद, वरात, रातचं रिसेप्शन, असलं काम हे घ्यायचेच न्हाईत. "रातचं काम दुसऱ्याला, आपन दिवसाचे," म्हनायचे. मी माहेरी गेले की ह्ये सांगून मिरवायचे. आता आठवलं की त्या मिरवनाऱ्या पोरीची मला कीव येती.

एक सांगायचं ऱ्हायलं. अब्बांचे थोरले भाऊ, ह्येंचे मोठे चाचा, इंदापूरला असायचे. त्येंना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचे आन् पावलाच्या आवाजावरनं मानूस वळखायचे. मला सांगितल्यालं, शुगरनं डोळं गेले. मी कशाला इचारीन दुसरं. शुगर तर आमच्या कळसलाबी घरोघर हाय.

सुप्याच्या अंगाला हरनांचं अभयारन्य हाय, तितं ह्येंनी बाभळीचे, हिवराचे, बोरींचे फोटो काढल्याले. पानं कमी, काटं जास्त, आन् खाली सावली अशी की कुनी जाळं पसरून ठेवलंय. ते फोटो दुकानात लावल्याले. पुन्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम सुप्यावरनं येताना झेरॉक्स काढाय दुकानात आल्या आन् झेरॉक्स ऱ्हायलं बाजूला, त्या भिताडाकडं बघत उभ्याच ऱ्हायल्या. त्या झाडांवर पुस्तक करत व्हत्या. म्हनल्या, घाटमाथ्यावर लई जुनं जंगल हाय, तितल्या झाडांचे असे फोटो मला पायजेत, याल का. मी पडद्यामागं सनाला, आमच्या पोरीला, पाजत बसल्याली, मला सगळं ऐकू येत व्हतं. ह्येंनी एकच इचारलं. "काम दिवसाचं का?"

"दिवसाचंच. पन तितं उजेड कमी असतो," मॅडम म्हनल्या. "आन् फ्लॅश मारायचा न्हाय. फ्लॅशनं झाड चपटं येतं, पुठ्ठ्यातनं कापल्यावानी."

"स्टँड हाय आपल्याकडं. शटर जास्त येळ उघडं ठेवू," हे म्हनले, आन् तितंच कबूल केलं.

मी कितींदा इचार केलाय, ह्येंनी व्हय का म्हनलं आसंल. मला वाटतं आमच्या मुलखाचा मानूस दुसरं कायबी म्हनला नसता. आमच्यात सावली हुडकावी लागती. लिंबाखाली बसलं तरी पानातनं ऊन टोचतं, डोळं मिटले तरी आत लाल दिसतं. दुपार म्हनली की उजेड, ह्यात इचारायचं काय. दुपारचाबी अंधार असतो ही गोष्ट सुप्यात, सांगवीत, इंदापुरात कुनी बघितलीच न्हाय तर ठावं कशी असंल.

रातीला जेवताना ह्येंनी सांगितलं तवा अब्बांनी उचलल्याला घास परत ताटात ठेवला. मग म्हनले, "झाडी दाट आसंल रे."

"दिवसाचं काम हाय, अब्बा."

अम्मी मधीच म्हनल्या, "रेश्मालाबी ने. पोरगी अजून अंगावर पिती, तिलाबी ने." लगीन झाल्यापासनं अम्मींनी मला एकटीला बाजारात धाडलं नव्हतं, आन् आता घाटात धाडत व्हत्या. मला इतका आनंद झाला की मी उठून ताटं गोळा कराय लागले, लोक अजून जेवत व्हते तरी. मला वाटलं हे मला फिराय नेत्यात. दशम्या केल्या, शेंगदान्याची चटनी केली, सनाला लाल फ्रॉक घेतला. सना तवा दीड वर्साची, नुकतीच चालाय लागल्याली, हात वर धरून, बदकावानी.

मॅडमनी आमाला घाटमाथ्यावरल्या वाडीत सोडलं आन् त्या पुन्याला माघारी गेल्या. उतरायची सोय तुकाबाबांच्या घरी केल्याली. म्हातारा मानूस, जंगलाच्या कडंलाच त्येंचं घर, झाडं दावायचं काम त्येंच्याकडं दिल्यालं. गौरी-गनपती होऊन गेल्याले, पाऊस उघडल्याला. सकाळी वाडीत चांगलं ऊन पडल्यालं, भाताची खाचरं चमकत व्हती, आमी चहा पिऊन निघालो. कातळ वलांडला, करवंदीच्या जाळ्या वलांडल्या, आन् मग झाडं सुरू झाली, आन् ऊन असं गेलं जसं कुनी मागनं दार लावलं. मी वर बघितलं, आभाळच न्हाय. पानावर पान, त्येच्यावर पान. पाऊस कवाच थांबल्याला पन झाडांच्या आत पानी अजून खाली पोचत व्हतं, टप, टप, कुठं पडतंय ते दिसायचं न्हाय. जमीन न्हायच, सगळी कुजल्याली पानं, पाय ठेवला की गादीवानी खाली जायची. वास असा की पावसाळ्यात पेटी उघडली की येतो. वेली मानसाच्या मांडीएवढ्या जाड, ह्या झाडावरनं त्या झाडावर. मी कळसची, मी एवढी झाडं एका जागी बघितली नव्हती. मला वाटलं ही मानसं हायेत आन् आपन न इचारता आत आलोय.

पयल्या दिवशी मला कायबी कळलं न्हाय ह्येचं आता नवल वाटतं. हे चालताना एक हात म्होरं धरायचे. मूळ आडवं आलं की ठेचकाळायचे. एकदा तर सरळ झाडाच्या बुंध्यालाच खांदा लागला. मी म्हनलं, "सुप्याचा वाघ हितं शेळी झाला व्हय?" तुकाबाबा हसले. हे हसले न्हाईत. मग माझ्याच खांद्यावर हात ठेवून चालाय लागले आन् मला लाज वाटली, परक्या मानसाम्होरं असं. मनातनं मातर गोड वाटलं. येडी मी.

काम असं चालायचं. तुकाबाबा म्हनायचे, "ह्यो बगा हिरडा," न्हायतर, "ह्ये जांभळ, माझ्या आज्याच्या आधीचं." हे मला इचारायचे, "किती लांब हाय? रुंदी किती?" मी सांगायचे. मग स्टँड लावायचे, कॅमेरा लावायचे, आन् म्हनायचे, "हालू नका." शटर उघडायचं, कट. मग कुनी हालायचं न्हाय, कारन पाऊल टाकलं की ती पानांची जमीन हालायची, जमीन हालली की स्टँड हालायचा आन् झाड पुसल्यावानी यायचं. मी सनाला छातीशी दाबून उभी, तिच्या तोंडात पदराचं टोक. आपलाच श्वास आपल्याला मोठा वाटायचा. मग परत आवाज, टक. आन् स्क्रीनवर झाड उगवायचं. खरंच उगवायचं. डोळ्याला दिसत नव्हतं तेबी त्यात असायचं, बुंध्यावरचं शेवाळ, सालीला चिकटल्याली गोगलगाय, पार वरच्या फांदीचा वाक. हे स्क्रीन नाकाला लावून लई येळ बघत बसायचे आन् त्येंचं तोंड असं व्हायचं जसं कुनी लांबचं घरी आलंय. म्होरं उभ्या असल्याल्या झाडाकडं मातर मान वर करून बघायचे न्हाईत. मला वाटलं कामाची तंद्री.

दुसऱ्या दिवशी आमी अजून आत गेलो. तितं एक वढा व्हता, अंगनाएवढ्या जागंत शांत व्हायचा आन् मग एका कड्यावरनं खाली घळीत पडायचा. पडायचा आवाज यायचा, खालचं दिसायचं न्हाय. तुकाबाबांनी झाड दावलं आन् म्हनले, "माझी गुरं खाली उतरली का बघून येतो, तुमी तवर काढा." सनानं कपडे खराब केल्याले. मी म्हनलं, वर जाऊन धुऊन आनते. पिशवी घेतली, ह्येंचा बॅटरीवाला फोन त्याच पिशवीत व्हता. म्हनलं, "पोरीकडं बघा." हे म्हनले, "बघतो."

बघतो म्हनले. मी त्या शब्दावर गेले.

मला काय येळ लागला न्हाय. दुपटी पिळली आन् माघारी आले. लांबनंच ह्येंचा आवाज आला, "सना, ए सना. बोल की बाळा. अब्बाला हाक मार." आन् मधी मधी कॅमेऱ्याचा आवाज. कट. टक. जवळ आले तर हे स्टँड उचलून जरा वळवायचे, परत ठेवायचे, शटर उघडायचे, स्क्रीनमधी बघायचे, परत उचलून वळवायचे. झाडाकडं तोंडच नव्हतं कॅमेऱ्याचं. पोरगी जवळ न्हाय आन् मानूस फोटो काढतोय.

"पोरगी कुठंय?"

"हितंच हाय. हालू नको."

"हितं म्हंजी कुठं?"

"फोटोत बघतोय. थांब वाईच, आत्ता दिसंल."

फोटोत बघतोय. मला वाटलं ह्येंचं डोकं फिरलं. मी बाजूला गेले तर ह्येंनी स्क्रीनवर बोट ठेवल्यालं. स्क्रीनवर झाडं, मुळ्या, वढ्याचं पानी दुधावानी झाल्यालं, आन् कडंला, पार कडंला, एक लाल ठिपका. हे मला म्हनले, "ही का ती? रेश्मा, बघ गं, ही सनाच हाय का?"

मी मान वर केली. सना आमच्या समोर व्हती. लांब नव्हती. एका मुळीच्या पल्याड उकिडवी बसल्याली, आन् तिच्या मागं वढा खाली पडत व्हता. अंधार व्हता, पन इतका नव्हता. मला तिचा फ्रॉक दिसत व्हता, तिच्या हातातलं पान दिसत व्हतं, ती पान पान्यात सोडाय वाकत व्हती ते दिसत व्हतं. ह्येंचं तोंडबी तिकडंच व्हतं. सरळ तिच्याकडं.

मी वरडले न्हाय. कसं सुचलं देव जाने. वरडले असते तर ती दचकली असती न्हायतर खेळ समजून पळाली असती, तिला तवा पाठलागाचा लई नाद. मी तिचं रोजचं झोपायचं गानं म्हनत गेले, हळू, आवाज फाटत व्हता तरी म्हनत गेले, पायाखाली पानं सरकत व्हती, आन् ती माझ्याकडं बघून हसली आन् उभी ऱ्हायली आन् मागं झुकली, आन् मी तिचा दंड धरला. फ्रॉक न्हाय, दंडच धरला. मग मी तितंच चिखलात बसले आन् तिला मांडीवर घेतलं, आन् इतकी दाबली की ती रडाय लागली.

आन् मागनं ह्येंचा आवाज आला, "सापडली का?"

ती माझ्या मांडीवर वरडून रडत व्हती, आमी दोघी त्येंच्यापासनं धा-बारा हातावर व्हतो, आन् ते इचारत व्हते, सापडली का.

तवा मला कळलं. एका दमात न्हाय कळलं, जसं पानी कपड्यात चढतं तसं चढत आलं. मी इचारलं, "तुमाला आमी दिसत न्हाय?"

"आवाज येतोय."

"मी दिसायचं इचारते."

"उजेडात दिसतं सगळं," हे म्हनले. "असल्या अंधारात न्हाय दिसत."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं. अब्बांचंबी तसंच हाय. मोठ्या चाचांचंबी तसंच व्हतं. मग दिवसाचंबी गेलं."

"शुगरनं गेलं म्हनल्याले."

"शुगर न्हाय त्येंना."

वढ्याचा आवाज चालूच व्हता. मला आमचं घर दिसाय लागलं, त्या ट्यूबा, ती मोकळी ठेवल्याली वाट, आन् मी माहेरी मिरवल्यालं सगळं. मी म्हनलं, "लगीन ठरताना का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुज्या बापानं दिली असती का तुला?"

"ते माझ्या बापाला ठरवू द्यायचं व्हतं."

हे स्टँडला दोन्ही हातांनी धरून उभे व्हते, ते सोडलं की पडतील असे. मला त्येंचा राग यायचा तो येत व्हताच, पन त्येच्या आडनं दुसरंच काय तरी वर येत व्हतं आन् ते रागापेक्षा वाईट व्हतं. मी सनाचे डोळं बघितले. रडून लाल झाल्याले, मोठे, ह्येंच्यासारखेच. सगळे म्हनायचे, पोरीनं डोळं बापाचे घेतलेत.

"आन् सना?" मी म्हनलं.

"ठावं न्हाय," हे म्हनले. "मला खरंच ठावं न्हाय."

तुकाबाबा आले तवा आमी दोघंबी बसल्यालो व्हतो, लांब लांब. त्येंनी सनाला रानकेळीच्या पानात बांधल्याला गूळ दिला. परत निघताना ह्येंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ह्या बारीला मला लाज वाटली न्हाय आन् गोडबी वाटलं न्हाय. मी सांगत गेले, मूळ हाय, दगड हाय, खाली वाका. काम आमी पुरं केलं. मी सांगायचे झाड कुठं हाय, वर किती जातंय, फांदी कुठं फुटती, आन् सना सगळा येळ माझ्या पाठीला वढनीनं बांधल्याली. त्या लाल ठिपक्याचा फोटो मीच पुसला. मॅडमचं पुस्तक झालं. ते आमच्या दुकानात काचंत ठेवलंय. लोक पानं उलटून म्हनत्यात, सलीमभाई, एवढ्या अंधारात तुमाला इतकं बारीक कसं दिसलं. हे म्हनत्यात, कॅमेरा चांगला हाय.

घरी आल्यावर मी अम्मींना सैपाकघरात गाठलं. त्या भाकरी थापत व्हत्या. मी म्हनलं, "तुमी मला त्येंच्यासंगं कशाला धाडलं ते कळलं मला."

त्येंनी भाकरी तव्यावर टाकली, वर पानी फिरवलं. म्हनल्या, "बरं झालं."

"मला आधी का न्हाय सांगितलं?"

"मला कुनी सांगितलं व्हतं? तुला निदान जंगलात जाऊन कळलं. मला मोरीत कळलं, तिन्हीसांजंला लाईट गेली तवा. मी म्होरं उभी आन् मानूस माझ्याच अंगावर पानी वततोय." त्येंनी भाकरी उलटली. "माझ्या सासूला इचारलं तर म्हनली, घरातली वस्तू जागची हालवू नको, म्हंजी झालं."

मला हसू आलं आन् रडू आलं, दोन्ही एकदमच. मी म्हनलं, "माझ्या पोरीला आसंल तर मी पयलं तिला सांगनार. मग तिला बघाय येतील त्येंना. लपवनार न्हाय."

"आधी हाय का न्हाय ते तरी बघ," अम्मी म्हनल्या. मग लई हळू म्हनल्या, "मी सलीमचं बघायलाच घाबरले. तो पडला की म्हनायची, पोरगं धांदरट हाय."

मग मी बघत बसले. कितीतरी वर्स बघत बसले. डॉक्टर म्हनले, पोर ल्हान हाय, अंधारात गप बसायचं वय होऊ द्या, मग तपासू. तवर मी काय करायची, मधल्या खोलीतली ट्यूब घालवायची आन् चमचा खाली टाकायची, म्हनायची, "सना, चमचा दे गं." दिला की माझ्या जिवात जीव यायचा. हाताला लागला न्हाय की मी ट्यूबच्या बटनाकडं हात न्यायची, आन् मग ती हसत म्हनायची, "अम्मी, पायाखाली व्हता," आन् मी हात मागं घ्यायची. कवा द्यायची, कवा न्हाय. मला कळायचं न्हाय, पोर खेळतंय का चाचपडतंय. दुसरं मूल मी होऊ दिलं न्हाय. लोक इचारत्यात, मी म्हनते एकच बास हाय. आता लिवताना सनाच मागं बसल्याली हाय, माझ्या चुका दावाय. मी आठवीपतुर शिकल्याली, ती आता आठवीत हाय, म्हनती, "अम्मी, 'लिहिताना' असतं." मी म्हनलं, मी बोलते तसंच ऱ्हाऊ दे.

पुन्याच्या दवाखान्यात गेलो तवा ती दुसरीत व्हती. तपासनीच्या बाईंनी सांगितलं, पोरीला आधी अंधाऱ्या खोलीत बसवायचं, डोळं अंधाराला सरावू द्यायचे, मग मशीन लावून ते किती चालत्यात ते बघायचं. सनाच्या गालाला, कपाळाला बारीक तारा चिकटवल्या. म्हनल्या, "आईनं समोर बसा, पन हात लावू नका, तारा निघतील." हे भाईर बाकड्यावर ऱ्हायले. बाईंनी दार लावलं आन् सगळं काळं झालं. मलाबी माझा हात दिसंना. सना स्टुलावर, मी तिच्या म्होरं, आमच्या गुडघ्यात एक वीत जागा. मी मनात दुवा मागत व्हते, कुठली मागते तेबी कळत नव्हतं.

मग बऱ्याच येळानं दाराच्या फटीतनं इतकासा उजेड हाय असं मला दिसाय लागलं. मग कपाटाची कड दिसली. मग सना दिसली. पयलं तिचं कपाळ, मग त्या तारा, मग डोळं. उघडे व्हते. माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी भिताडाकडं बघत व्हते.

"अम्मी," ती म्हनली, "तू हितं हाय का?"

"हाय की."

तिनं आवाजाकडं तोंड फिरवलं, तरी नजर माझ्या खांद्यावरनं गेली. मी हात वर केला. तिच्या तोंडाम्होरं न्हेला, डावीकडं न्हेला, उजवीकडं न्हेला. तिची पापनी हालली न्हाय.

"तुलाबी काळंच दिसतंय ना?" ती म्हनली.

व्हय म्हनलं असतं तर ती हसली असती, आन् तो दिवस तरी तिचा गेला असता. मला कुनी बघत नव्हतं. मी तोंड उघडलं व्हतं व्हय म्हनायला.

"न्हाय," मी म्हनलं. "मला दिसतंय बाळा. मला तू दिसती."

तिचे पाय हालत व्हते ते थांबले. भाईर कुनाच्या तरी चपला वाजत गेल्या.

"मग मला का दिसत न्हाय?"

"तुज्या अब्बासारखं हाय तुजं. अंधारात दिसायचं न्हाय. घरी गेल्यावर सगळं सांगते, अब्बाबी सांगतील."

"उजेडात दिसंल?"

"आता दिसतं. म्होरंचं मला ठावं न्हाय."

तिनं जरा इचार केला. मग हात मांडीवर ठेवून ताठ बसली, दुकानात फोटोला बसत्यात तशी, आन् म्हनली, "मग सांग. काय काय दिसतंय तुला?"

मी सांगाय लागले. तुज्या उजव्या वेनीची रिबीन सुटलीया. कॉलर एका अंगानं दुमडलीया. नाकाखाली शेंबूड हाय, पूस. तिनं पुसला. मागं लोखंडी कपाट हाय, त्येला कुलूप हाय. भिताडाला पंखा हाय, बंद हाय. आन् दाराखाली उजेडाची रेघ हाय, तिच्यात दोन काळे ठिपके हायेत, ते कुनाचे तरी पाय हायेत, आत यायला उभे ऱ्हायल्याले.